रकानाच नव्हता



टीव्हीवर चित्रपट पुरस्कारांचा सोहळा लागला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हिने एवढं छान काम केलं, मग हिला कसं नाही दिलं?" मग आपण परीक्षकांना बोल लावतो, वशिल्याचा संशय घेतो, चार दिवस हळहळतो. आज या हळहळीचा थोडा इतिहास पाहू या. कारण मागे जाऊन पाहिलं तर दिसतं, की कित्येकदा त्या बाईच्या कामासाठी पुरस्कारच ठेवलेला नव्हता.

'श्यामची आई' आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तो काढला. भारत सरकारने १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. केवढी अभिमानाची गोष्ट! पण या चित्रपटातून आई बाजूला काढली तर उरतं काय? गरिबीत घर सावरणारी, मायाळू आणि तितकीच कडक अशी ती आई वनमाला यांनी उभी केली. त्यांना अभिनयाचं पदक मात्र मिळालं नाही. मिळणार कसं? तेव्हा राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचा रकानाच नव्हता.

तो रकाना आला १९६७ सालच्या चित्रपटांपासून. अभिनेत्रीच्या पुरस्काराला तेव्हा 'उर्वशी' असं नाव होतं आणि पहिली मानकरी ठरली नर्गिस, 'रात और दिन' या चित्रपटासाठी. पण तुम्हाला-मला नर्गिस आठवते ती नांगर ओढणारी, 'मदर इंडिया'तली. तो चित्रपट १९५७ चा. त्या कामासाठी तिला फिल्मफेअर मिळालं, पण सरकारी पुरस्कारांत ते काम कुठे बसवायचं याची सोयच नव्हती.

बरं, मुख्य भूमिकेची सोय झाली. पण आई, सासू, मोलकरीण, शेजारीण या भूमिकांचं काय? आपल्या चित्रपटांत नायिका एक असते आणि तिच्याभोवती अशा कितीतरी बायका असतात. फिल्मफेअरमध्ये साहाय्यक अभिनेत्रीचा मान १९५५ पासून होता. पहिला मान आपल्या उषा किरण यांना 'बादबान'साठी मिळाला. सरकारी पुरस्कारांत मात्र त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जावी लागली.

यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण १९८२ सालचं आहे. महेश भट्ट यांचा 'अर्थ' आठवा. नवऱ्याने सोडलेली पूजा झाली होती शबाना आझमी. तिच्या घरी काम करणारी बाई झाल्या होत्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. ही बाई मुलीच्या शाळेसाठी पैपै साठवते. नवरा ते पैसे उडवतो आणि तिच्या हातून त्याचा जीव जातो. आपल्यापैकी अनेकींना ती बाई पूजापेक्षा जवळची वाटेल. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार शबाना आझमींना मिळाला आणि तो योग्यच होता. पण एकाच घरातल्या या दोन दुखावलेल्या बायकांपैकी मालकिणीसाठी रकाना होता, मोलकरणीसाठी नव्हता. रोहिणीताईंना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. पुढे १९८४ सालच्या चित्रपटांपासून साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, आणि पहिली मानकरी कोण? रोहिणी हट्टंगडीच, 'पार्टी' या चित्रपटासाठी.

म्हणजे रकाना झाला की प्रश्न मिटतो का? तसंही नाही. त्याच १९८२ साली 'गांधी' आला. त्यात रोहिणीताई कस्तुरबा झाल्या. तेव्हा त्या तिशीच्या आसपासच्या होत्या, पण तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतच्या बा त्यांनी साकारल्या. अमेरिकेच्या ऑस्करमध्ये या चित्रपटाने ८ पुरस्कार पटकावले. चित्रपटाला मिळाला, दिग्दर्शकाला मिळाला, गांधीजी झालेल्या बेन किंग्जलींना मिळाला. वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला. जॉन मोलो यांच्याबरोबर तो घेताना त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कस्तुरबा मात्र अंतिम पाच नावांतही नव्हत्या. तिथे साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार कित्येक वर्षं चालू होता. पण मतं देणाऱ्यांची नजर बापूंपाशी थांबली, बांपर्यंत पोचली नाही. इंग्लंडच्या बाफ्टा पुरस्कारांत याच भूमिकेसाठी रोहिणीताईंना साहाय्यक अभिनेत्रीचा मान मिळाला, एका अमेरिकन अभिनेत्रीबरोबर विभागून. चित्रपट एक, काम एक, आणि निवाडे दोन.

म्हणून मैत्रिणींनो, पुरस्कार मिळाला नाही म्हणजे काम कमी पडलं, असं समजायचं कारण नाही. आधी विचारायचं, की या कामासाठी रकाना होता का? आणि रकाना असेल तर विचारायचं, की बघणारे कोण होते आणि ते कुठे बघत होते?

हे प्रश्न आपल्या गटातही विचारण्यासारखे आहेत. वार्षिक सभेत नारळ आणि साडी कोणाला मिळते? बहुधा अध्यक्षाला आणि सचिवाला. त्यांचं काम मोठं आहेच. पण थकलेला हप्ता गोड बोलून आणणारी, नव्या बाईला सही गिरवायला शिकवणारी, दोघींचं वाजलं की त्यांना पुन्हा एका सतरंजीवर बसवणारी, यांच्यासाठी आपल्या वहीत जागा आहे का? सरकारच्या पुरस्कारांत अभिनयाचा रकाना यायला १४ वर्षं गेली, साहाय्यक अभिनेत्रीचा यायला ३१. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. वही आपली आहे, पेनही आपलंच आहे.

यंदाच्या सभेआधी एक बैठक फक्त यासाठी घ्या. गट कोणकोणत्या कामांवर चालतो, ती सगळी कामं एकेक करून फळ्यावर लिहा. नावं त्यानंतर काढा.