अक्षता टाकणारे हात

सोलापूरकरांना संक्रांत म्हटली की तिळगुळाच्या आधी काय आठवतं? गड्डा. पौषातली थंडी, होम मैदानावरचे पाळणे आणि चौकात गर्दीच्या डोक्यावरून डुलत येणारे नंदीध्वज. 900 वर्षांची यात्रा म्हणतात हिला. आज तिचाच इतिहास सांगायचा आहे, पण तो राजेरजवाड्यांचा नाही. एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हातात ही यात्रा कशी आली, तेवढंच आपण पाहू.

12 व्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मले. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या ओढीने गेले, परत आले आणि गावासाठी तलाव खोदायला लागले. कुदळ-पाटी घेऊन लोक मागे उभे राहिले. पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापली. पुढे कल्याणला बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या मेळ्यात गेले, कन्नडमधून वचनं लिहिली. हे सगळं थोर आहेच. पण यात्रा उभी राहिली ती एका कुंभाराच्या मुलीवर, बरं का!

कथा अशी सांगतात. ही मुलगी रोज सिद्धरामांच्या अंगणात सडा घाली, रांगोळी काढी. तिने लग्नाचा हट्ट धरला. सिद्धराम तर योगी. शेवटी म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. ते लग्न दरवर्षी लागतं. आधी 68 लिंगांना तैलाभिषेक. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. संक्रांतीला होम, त्यात बाजरीच्या पेंढीला नवरीसारखी साडी नेसवतात. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरावरून वर्षाची भाकणूक. मग शोभेची दारू.

आता गंमत पाहा. संमती वाचतात ती कन्नडमध्ये. कट्ट्याभोवती उभे असतात मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे. अर्ध्यांना शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही. पण ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ कानावर आलं की हजारो हात एकदम वर जातात! खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोरसुद्धा मूठ उघडतं. त्याला कोणी व्याकरण शिकवलं होतं का? बापाचा हात वर गेला, म्हणून त्याचा गेला. अर्थ मागाहून येतो, कधी वीस वर्षांनी येतो, कुणाला येतही नाही. हात मात्र शिकलेला असतो.

परवा एक माऊली म्हणाली, “महाराज, आमचा मुलगा पुण्यात असतो. नातवाला घेऊन येतो यात्रेला, पण नातू नुसता मोबाईलवर शूटिंग करतो. त्याला काय समजावू?” मी म्हटलं, माय, समजावू नकोस. त्याला काहीतरी धरायला दे. बाराबंदीचे बंद बांधायला बस म्हण, आजोबांचा फेटा धरायला लाव. भोगीच्या भाकरीवर तीळ त्यालाच थापू दे. वाकडी होईल भाकरी, होऊ दे! पाहुण्यासारखा कडेला उभा केलेला पोरगा पाहुणाच राहतो.

नंदीध्वजाचंच घ्या. उंच काठी, वर साज, बुंधा कमरेच्या पट्ट्यात रोवायचा आणि तोल सांभाळत गर्दीतून चालायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही. यात्रेच्या आधी कित्येक रात्री तरुण सराव करतात. म्हातारा जाणता बाजूला उभा राहून नुसता ‘कंबर, कंबर’ म्हणतो. पूजेचा मान हिरेहब्बूंचा, पण सात काठ्यांमागे माळी, विश्वब्राह्मण, मातंग असे निरनिराळे समाज उभे आहेत आणि सुगडी येतात त्या कुंभारांकडून. मान घराण्याने येतो हे खरं. तोल मात्र घराण्याने येत नाही. मानकऱ्याच्या पोरालाही तो घाम गाळूनच मिळवावा लागतो. मला तर वाटतं, नुसत्या मानावर ही यात्रा कधीच थांबली असती.

आणि थांबण्याचे प्रसंग आले नाहीत असं नाही. 1931 साली 12 जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या आपल्या चार जणांना येरवड्यात फाशी दिली. यात्रेचेच दिवस! गावातल्या आयांनी त्या संक्रांतीला पोरांच्या हातावर तिळगूळ कसा ठेवला असेल, तुम्हीच विचार करा. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली. 2021 ला करोनाने यात्रा मोजक्या मानकऱ्यांवर आली. लोकांनी घरात टीव्हीपुढे उभं राहून अक्षता टाकल्या असतील तर त्याचं हसू करू नका. त्या घरातल्या लेकराने हात वर केला असेल ना, मग झालं.

तेव्हा यंदा येताना पोरांना सोबत आणा. भोगीच्या आदल्या रात्री शेंगा फोडायला त्यांना बसवा, अक्षतांची पुडी त्यांच्याच खिशात ठेवा. कट्ट्यापाशी गर्दी फार असते, लहानाला खांद्यावर घ्या. कधी टाकायच्या म्हणून त्याने विचारलं तर सांगू नका, माझ्याकडे बघ म्हणा.

एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र! सिद्धेश्वर महाराज की जय!