मणक्यावरचा हात

लहानपणी आमच्या वाड्यात कोणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळू माणूस शोधायला आम्हा पोरांना पिटाळलं जाई. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. त्याने दुखऱ्या जागी हलकेच पाय लावला, की उसण जाते अशी समजूत. आमच्या गल्लीतला पायाळू टपालखात्यात होता. पत्रं वाटता वाटता त्याला दोन-चार पाठींनाही पाय लावावा लागे. आणि केस कापून झाले की न्हाव्याने मान धरून एका हिसक्यात 'कट्ट' आवाज काढणं हा तर हजामतीचा ठरलेला भाग. पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागलो. मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी विद्यार्थ्यांना दाखवताना मला तो न्हावी आठवायचा आणि अंगावर काटा यायचा.

पाठ चोळणारे, सांधा बसवणारे, हाडं जुळवणारे हात जगात सगळीकडे होते. आपल्याकडे हाडवैद्य, इंग्लंडात बोनसेटर. पण यातल्या एकाच परंपरेने शाळा काढल्या, पदव्या दिल्या, कायदे करून घेतले आणि शंभर वर्षांत जगभर पाय रोवले. तिचं नाव कायरोप्रॅक्टिक. तिचा इतिहास मी वाचायला घेतला तो खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी. चुका भरपूर सापडल्या. पण त्याहून वेगळंही काही सापडलं.

अमेरिकेत आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. जन्म १८४५ चा, कॅनडात, टोरांटोजवळचा. शाळामास्तरकी, मधमाश्या पाळणं, किराणा दुकान असं बरंच करून झाल्यावर तो या धंद्यात आला होता. रोग्याच्या अंगावरून हात फिरवून बरं करायचं, अशी ती पद्धत. १८ सप्टेंबर १८९५ या दिवशी त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीतला एक मणका पामरने दाबून 'जागेवर बसवला'. सतरा वर्षं बहिऱ्या असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा. लिलार्डच्या घरच्यांनी पुढे निराळीच हकीकत सांगितली. थट्टामस्करी चालली होती, पामरने हसत हसत त्याच्या पाठीत पुस्तक हाणलं आणि त्यातून सगळं सुरू झालं, अशी.

शरीररचना शिकवणाऱ्याला इथे थांबावंच लागतं. श्रवणाची नस कानाकडून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांच्या वाटेने ती जातच नाही. तेव्हा पाठीतला मणका हलवून बहिरेपण जाण्याचा मार्ग मला तरी दिसत नाही. पामरने मात्र एका प्रसंगावरून सिद्धांत उभा केला. मणके जागेवरून किंचित सरकतात, त्यांचा मज्जातंतूंवर दाब येतो, शरीरातली जन्मजात प्रज्ञा अडते आणि म्हणून बहुतेक सगळे रोग होतात. या सरकण्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटलं. सॅम्युएल वीड नावाच्या त्याच्या एका धर्मोपदेशक रुग्णाने 'हात' आणि 'कृती' या ग्रीक शब्दांपासून उपचाराला नाव जुळवून दिलं. १८९७ च्या सुमारास शाळाही सुरू झाली.

लगेच खटलेही सुरू झाले. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली खुद्द पामरला शिक्षा झाली. दंड न भरता त्याने आधी तुरुंग पत्करला, आणि काही दिवसांनी दंड भरून बाहेर आला. शाळेची सूत्रं मुलाकडे, बी. जे. पामरकडे गेली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा १९०७ सालच्या एका खटल्यात आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो नावाचा जपानी तरुण हा धंदा करत होता. पामरच्या शाळेत शिकलेला. परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी करतो, असा त्याच्यावर आरोप आला. ऑस्टिओपॅथी ही हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करणारी तेव्हाची दुसरी पद्धत, पामरच्या थोडी आधीची. मोरिकुबोचे वकील टॉम मॉरिस यांनी बचाव असा केला, की माझा अशील ऑस्टिओपॅथी करतच नाही. तो करतो ते एक संपूर्ण वेगळं शास्त्र आहे, वेगळी कला आहे, त्याला स्वतःचं तत्त्वज्ञान आहे. ज्यूरीने आरोपीला सोडून दिलं. गंमत अशी, की या वेगळ्या तत्त्वज्ञानाचा आधार ज्या पुस्तकात शोधला गेला, ते पामरांचं नव्हतंच. त्यांच्याच शाळेतून बाहेर पडून प्रतिस्पर्धी झालेल्या मंडळींनी ते लिहिलं होतं.

आता विचार करा. तुरुंग टाळण्यासाठी वकिलाने शोधलेली ढाल. ती इतकी उपयोगी ठरली, की पुढे खटल्यामागून खटल्यात तीच पुढे केली गेली. आम्ही निदान करत नाही, विश्लेषण करतो. आम्ही रोग बरा करत नाही, मणका जुळवतो. आम्ही वैद्य नाहीच. वर्षानुवर्षं न्यायालयात जे म्हणावं लागलं, त्यावर पुढच्या पिढ्यांची श्रद्धा बसली. आपण कोण, या प्रश्नाचं एका अख्ख्या व्यवसायाचं उत्तर अशा रीतीने आरोपीच्या पिंजऱ्यात घडलं. आपला वेगळेपणा टिकवण्यासाठी म्हाताऱ्या पामरने १९११ साली कायरोप्रॅक्टिकला धर्माचं रूप देण्याचाही विचार केला होता. धर्माला परवाना लागत नाही, हा त्यातला व्यवहार. १९१३ साली तो वारला आणि त्याच वर्षी कॅन्सस राज्याने या व्यवसायाला परवाने देण्याचा कायदा पहिल्यांदा केला.

मुलगा बी. जे. हा बापापेक्षा मोठा विक्रेता. आकाशवाणीच्या खोलीत बसून हे सांगताना मला मौज वाटते, की त्याने १९२२ साली चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतलं आणि ते शाळेच्या आवारात आणलं. केंद्राचं नाव डब्ल्यूओसी. ही आद्याक्षरं 'वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक'ची, असं लोक म्हणत. याच केंद्रावर १९३२ साली फुटबॉलचं धावतं वर्णन करायला एक तरुण निवेदक आला. रोनाल्ड रेगन त्याचं नाव. दोन वर्षांनंतर नव्हे, पन्नास वर्षांनंतर तो व्हाइट हाउसमध्ये होता. बी. जे.ने १९२४ साली पाठीची उष्णता मोजणारं एक यंत्र काढलं आणि ते आपल्या अनुयायांना भरमसाट भाड्याने द्यायला सुरुवात केली. तेव्हा त्याचेच निष्ठावंत बिथरले. तोवर या व्यवसायात दोन पंथ पडलेच होते. फक्त मणका जुळवणारे 'सरळ', आणि त्याच्या जोडीला शेक, व्यायाम, आहार अशा इतर उपायांचा वापर करणारे 'मिश्र'. ही भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत.

बाहेरचं भांडण डॉक्टरांशी होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीविरोधी समिती नेमली, आणि तिचा मुख्य रोख कायरोप्रॅक्टिकवर होता. या मंडळींकडे रुग्ण पाठवणं, त्यांच्याबरोबर काम करणं हे डॉक्टरांसाठी अनैतिक ठरवलं गेलं. तरी कायदे होत गेले. १९७२ साली वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यात या उपचारांना मर्यादित जागा मिळाली. १९७४ साली लुइझियाना हे परवाना देणारं शेवटचं राज्य ठरलं. १९७६ साली चेस्टर विल्क आणि आणखी चौघांनी मेडिकल असोसिएशनवर दावा लावला. तो आधी हरले, अपिलात पुन्हा उभा राहिला. १९८७ साली न्यायाधीश सुझन गेट्झेंडनर यांनी निकाल दिला, की असोसिएशनने स्पर्धाविषयक कायदा मोडून बहिष्कार पुकारला होता. १९९० साली वरच्या न्यायालयातही तो टिकला.

या निकालावर मी आमच्या डॉक्टर मित्रांशी अनेकदा वाद घातला आहे. ते म्हणतात, भोंदूगिरी जिंकली. तसं नाही. खटला बहिष्काराचा होता, उपचार शास्त्रीय आहेत की नाहीत याचा निवाडा त्यात नव्हताच. पण उलट बाजूची मंडळीही हा निकाल शास्त्राचं प्रमाणपत्र असल्यासारखा मिरवतात, तेही तितकंच चूक.

प्रमाणपत्र मिळवायला दुसरा रस्ता होता आणि तो अमेरिकेबाहेर अधिक नीट चालला गेला. न्यूझीलंडने चौकशी आयोग नेमला. त्याने १९७९ च्या अहवालात पाठीच्या दुखण्यापुरती या लोकांना चांगली दाद दिली. डेन्मार्कमध्ये १९९४ पासून ओडेन्से विद्यापीठात हे विद्यार्थी सुरुवातीची वर्षं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात शिकू लागले. स्वित्झर्लंडच्या कायद्यात डॉक्टर, दंतवैद्य यांच्याच ओळीत कायरोप्रॅक्टर येतो. ब्रिटनने १९९४ साली स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने आलेल्या परिषदेनेच २०१० साली जाहीर केलं, की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे. रोगांचं कारण म्हणून तिला संशोधनाचा आधार नाही. ज्या कल्पनेवर व्यवसाय उभा राहिला, तीच त्याच्या नियामकांनी संग्रहालयात ठेवली!

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आणखी एक प्रकरण संपलं. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ साली वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की बाळांची पोटदुखी, दमा अशा तक्रारींवर या उपचारांचे दावे निराधार आहेत. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा केला. २०१० साली अपील न्यायालयात सिंग यांचं म्हणणं उचलून धरलं गेलं आणि असोसिएशनने दावा मागे घेतला. नुकसान झालं ते दावा करणाऱ्यांचंच. जाहिरातींतल्या दाव्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. ब्रिटनचा बदनामीचा कायदा २०१३ साली बदलला, त्यामागे हेही प्रकरण होतं. ऑस्ट्रेलियात २०१९ साली एका तान्ह्या बाळावरच्या उपचाराची चित्रफीत पसरली, तेव्हा तिथल्या मंडळाला दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांना हात लावू नका, असं सांगावं लागलं.

आणि तरीही पाठ दुखतेच. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामावरून घरी बसवणारं याहून मोठं कारण नाही. डॉक्टरी वैद्यकाने या दुखण्याला काय दिलं? विश्रांती सांगितली, ती चुकली. गोळ्या दिल्या, त्यातल्या अफूजन्य गोळ्यांनी अमेरिकेत हाहाकार केला. शस्त्रक्रिया मोजक्यांनाच लागते. २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या महाविद्यालयाने सांगितलं, की साध्या कंबरदुखीत आधी औषधाविना उपाय करा. त्या यादीत मणक्यावरचे हाताचे उपचारही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या व्यवसायाच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवरच्या तिच्या शिफारशींतही व्यायाम, रुग्णशिक्षण यांच्याबरोबर हे उपचार आले, अटी घालून. फायदा बेताचाच, इतर चांगल्या उपायांइतका. चमत्कार नाही.

म्हणजे जगाच्या आरोग्यव्यवस्थेत कायरोप्रॅक्टिकला जागा मिळाली, ती कंबरेपाशी. या व्यवसायाच्या जागतिक महासंघाने २००५ साली सिडनीत स्वतःची ओळख ठरवली, तीही कण्याच्या आरोग्याचे जाणकार अशीच. पण जगातल्या सुमारे लाखभर कायरोप्रॅक्टरांपैकी तीन चतुर्थांश एकट्या अमेरिकेत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना ही ओळख संकोच वाटते. ज्यूरीसमोर सांगितलेलं वेगळेपण सोडलं, तर आपल्यात आणि फिजिओथेरपिस्टमध्ये उरलं काय, असा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही.

मघाच्या त्या 'कट्ट' आवाजाबद्दल एक राहिलं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढताना त्याची चलत्‌चित्रं एमआरआयवर टिपली गेली. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, त्या क्षणाचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

गेल्या दिवाळीत शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला. संगणकावर काम करून त्याची मान धरली होती. पडद्यावर कोणी कोणाची मान पिरगाळत होतं, आवाज येत होता, आणि खाली शहरातल्या एका दवाखान्याचा पत्ता. "काका, जाऊ का?" मी त्याला हातात मुंग्या येतात का, चक्कर येते का, ताप, वजन कमी होणं असं काही आहे का, ते विचारलं. नव्हतं. मग विचारलं, की पाटीवरचा माणूस कुठे शिकला? त्याला माहीत नव्हतं. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही, परिषद नाही, म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. परदेशात पाच वर्षं शिकून आलेलाही आणि आठवड्याचा वर्ग केलेलाही. म्हटलं, आधी ते विचारून ये, आणि मानेला हिसका न देता काय करता येईल तेही विचार. दुसऱ्या दिवशी तो परत आला. दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं होतं, सर खूप अनुभवी आहेत, आणि आज आलात तर सवलत आहे.