फाइल कोणाची? संगणकावरील मालकीहक्काचा इतिहास

१/७ १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली ‘सीटीएसएस’ ही प्रणाली आकारास आली. एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. यंत्र सामाईक झाले, आणि त्यावरील कोणती फाइल कोणाची, हा प्रश्न उभा राहिला.

२/७ उत्तर म्हणून परवलीचे शब्द आले. परंतु ते सारे शब्द ज्या फाइलीत होते, तिचेच रक्षण कच्चे होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने पंच कार्डावरून मागणी नोंदवून ती फाइल सरळ छापून घेतली. संगणकाचा अधिक वेळ मिळवणे, एवढाच त्याचा हेतू होता.

३/७ १९६६ मधील प्रसंग अधिक बोलका आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एकाजवळ दैनिक सूचनेची फाइल, दुसऱ्याजवळ परवलीच्या शब्दांची. तात्पुरत्या फाइलीचे नाव मात्र दोघांसाठी एकच होते. मजकुरांची अदलाबदल झाली आणि प्रणालीत येणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले.

४/७ १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेतच मालक बदलणारी ‘सीएचओन’ आणि परवानग्या ठरवणारी ‘सीएचमॉड’ या आज्ञा आढळतात. पुढे मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालवणे अशा एकूण ९ परवानग्या रूढ झाल्या.

५/७ तरीही एक वाट उघडी होती. युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. फाइल काढून टाकणे म्हणजे त्या यादीतून नाव खोडणे. म्हणून परवानगी पाहिली जाते ती डिरेक्टरीची, फाइलीची नव्हे. ज्या डिरेक्टरीत कोणालाही लिहिता येते, तेथून थेट ‘रूट’ची फाइलही हटवून त्याच नावाची दुसरी ठेवता येते.

६/७ सर्वांच्या तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक डिरेक्टरीत हा धोका नित्याचा होता. १९८६ च्या ४.३ बीएसडी आवृत्तीने ‘स्टिकी बिट’ला नवे काम दिले: अशा डिरेक्टरीतील फाइल तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट यांनीच हटवावी. सीटीएसएसवरील त्या घोटाळ्याला तेव्हा २० वर्षे झाली होती.

७/७ आजच्या लिनक्स सर्व्हरवरही हीच शिस्त चालते. संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमची मालकी व्यवस्थापकाकडे राहते. वेब सर्व्हरच्या खात्याला त्या फाइली केवळ वाचता येतात आणि लिहिण्याची मुभा मोजक्याच डिरेक्टरींत मिळते. त्या खात्यालाच मालक केले, तर त्यातून शिरलेला घुसखोर सारा प्रोग्रॅम बदलू शकतो. म्हणून फाइलीबरोबर तिच्या डिरेक्टरीचा मालकही तपासावा लागतो.