तहान आणि तग : उन्हात धावणाऱ्या माणसाचा इतिहास



तत्त्वज्ञानाच्या माणसानं खेळाडूंच्या घामावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमचा आजचा मुद्दा तसा तत्त्वज्ञानाचाच आहे. तहान सोसणं हा सद्गुण आहे, असं माणसाला केव्हा वाटू लागलं आणि त्या समजुतीची किंमत कोणी मोजली, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

आम्ही शाळेत असताना कवायतीच्या तासाला पाणी पिणं हा गुन्हा होता. मे महिन्याचं ऊन, मैदानाला लागून नळ, आणि मास्तरांचा हुकूम : "कवायत संपेपर्यंत नळाकडे बघायचंसुद्धा नाही!" एक मुलगा चक्कर येऊन पडला. त्याला सावलीत नेलं, कांदा हुंगवला, आणि वर "नाजूक आहे" असा शेराही मारला. मास्तर दुष्ट नव्हते, बरं का. त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते आम्हाला शिकवत होते.

हे शिक्षण फार दूरवरून आलेलं आहे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिक भरलं. ३० ऑगस्टला भर दुपारी मॅरेथॉन सुरू झाली. तापमान ३२ अंशांच्या घरात, कच्चा रस्ता, आणि पुढे चाललेल्या मोटारींनी उडवलेला धुरळा. पाणी मिळण्याची ठिकाणं एक-दोनच, त्यातली प्रसिद्ध म्हणजे १२ व्या मैलाजवळची विहीर. ही गैरसोय नुसत्या हलगर्जीपणामुळे झाली नव्हती. पाण्याविना शरीराचं काय होतं हे पाहण्यात मुख्य संयोजक जेम्स सलिव्हन यांना रस होता! ३२ जण धावले, १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. ते त्याला नाकारलं. तोंड ओल्या स्पंजानं पुसलं आणि पोटात काय घातलं, तर अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. पुढे मोटारीच्या बॉयलरजवळ कोमट झालेल्या पाण्यानं त्याचं अंग धुतलं. त्याला थंड करण्याची तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी झाली.

आठ वर्षांनी स्टॉकहोम. १४ जुलै १९१२ चा दिवस उत्तरेकडच्या त्या शहराच्या मानानं फार तापलेला होता. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आधुनिक ऑलिंपिकच्या स्पर्धेत गेलेला हा पहिला बळी. त्यानं अंगाला चरबी किंवा मेण फासलं होतं, म्हणून घाम अडला, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, त्याच शर्यतीत निम्म्याच्या आसपास धावपटू शेवटपर्यंत पोहोचले नाहीत, आणि त्या सगळ्यांनी काही चरबी फासली नव्हती.

आता थोडं शरीराकडे वळू. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो, तिच्यातली साधारण पाऊण किंवा त्याहून जास्त उष्णता होऊन अंगात उरते. ती बाहेर टाकण्याचा मोठा मार्ग म्हणजे घाम. त्यातही नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. आपला माठ पाहा. पाणी पाझरतं, वाळतं, म्हणून आतलं गार राहतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. उलट एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूलच शोषतो. म्हणजे आपली कातडी बर्फापेक्षा सातपट सरस! पण हवा दमट असली की घाम नुसता ठिबकतो. पावसाळ्यात माठ गार होत नाही, तसंच हे. म्हणून विदर्भातलं कोरडं ऊन आणि मुंबईचा घामट उकाडा यांचा हिशेब निव्वळ पाऱ्यावर करता येत नाही.

हे शास्त्र पहिल्यांदा शिकलं कोण? खेळाची मैदानं नव्हेत. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खोल, गरम आणि ओल्या खाणींत मजूर उष्माघातानं मरू लागले. तेव्हा तिथे नव्या मजुरांना टप्प्याटप्प्यानं उन्हाळ्याची सवय लावण्याची पद्धत आली. ड्रिओस्टी या डॉक्टरांनी १९३५ साली त्यावर लिहिलं. पुढे अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या छावणीत नौसैनिक रंगरूट कवायतीत कोसळत होते, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५० च्या दशकात एक मोजमाप तयार केलं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २० आणि नेहमीच्या पाऱ्याला फक्त १०. आज मोठ्या स्पर्धा थांबवायच्या की नाही, हे या आकड्यावरून ठरतं. मजूर आणि शिपाई मेले, त्यातून खेळाडू शिकले. हा क्रम आपण विसरू नये.

बरं, खेळ लगेच शिकला का? नाही. १९५४ मध्ये व्हँकुव्हरला जिम पीटर्स सुमारे १७ मिनिटांच्या आघाडीनं स्टेडियममध्ये शिरला आणि पडत, उठत, पुन्हा पडत राहिला. अंतिम रेषा त्याला गाठता आली नाही, आणि तो परत कधी शर्यत धावला नाही. १९६७ साली टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन व्हाँतूच्या उघड्या डोंगरावर मेला. त्यात उत्तेजक गोळ्या होत्या, दारू होती, पण ऊनही होतं, आणि त्या काळी सायकलपटूंना पाण्याच्या बाटल्या मोजून मिळत.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. सप्टेंबर १९८६, मद्रासची कसोटी, जी पुढे बरोबरीत सुटली. ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सनं त्या उकाड्यात २१० धावा केल्या. मैदानातच ओकाऱ्या, पायांत गोळे. बाहेर जावंसं वाटलं तेव्हा कर्णधार अ‍ॅलन बॉर्डरनं त्याला टोमणा मारून रोखलं, आणि खेळीनंतर त्याला रुग्णालयात सलाइन लावावं लागलं. आपण ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतो. शौर्य त्यात आहेच. पण तो वाचला नसता, तर त्याच टोमण्याला आपण काय म्हटलं असतं?

वळण आलं ते साध्या उपायांनी. १९७८ साली मॅसेच्युसेट्समधल्या फालमाउथच्या शर्यतीत अल्बर्टो सालाझार कोसळला. ताप ४२ अंशांच्या आसपास, पाद्र्यानं अंत्यविधीची प्रार्थनाही म्हटली. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं, आणि तो वाचला. त्याच शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. सगळ्यांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवलं, आणि सगळे वाचले. 'आधी गार करा, मग रुग्णालयात न्या' हा नियम यातून पक्का झाला.

मग शर्यतीआधीच अंग गार करण्याची कल्पना आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियन वल्हवणारे बर्फाचे जाकीट घालून बसले. २००४ साली अथेन्समध्ये मेब केफ्लेझिगी आणि दीना कॅस्टर या अमेरिकनांनी तेच केलं आणि अनुक्रमे रौप्य व कांस्य मिळवलं. नंतर चुऱ्याचा बर्फ पिणं आलं. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा चुलतभाऊच म्हणा! पण जाकिटालाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये दोह्यात महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी ३२ अंश आणि ७० टक्क्यांवर दमटपणा होता. ६८ पैकी २८ जणी शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेला सप्पोरोला हलवावी लागली.

पाण्याचाही अतिरेक नको, हेही सांगून ठेवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका धावपटूचा मृत्यू अति द्रव प्यायल्यानं रक्तातलं मीठ उतरून झाला. आधी 'पिऊच नका', मग 'ढोसत राहा'. दोन्ही हुकूमच. शरीर जी तहान सांगतं, ती ऐकायला मात्र कोणी तयार नव्हतं.

आमच्या मते खरी चूक इथेच आहे. धैर्य हा मनाचा गुण आहे आणि उष्णता हा पदार्थाचा धर्म. एकाची परीक्षा दुसऱ्यानं घेता येत नाही. शरीराचं तापमान ४१ वर गेलं की निश्चयी माणूस आणि भित्रा माणूस यांत फरक राहत नाही. उलट निश्चयी माणूसच आधी मरतो, कारण तो थांबत नाही.

हा नुसता इतिहास असता, तर आम्ही तुमची संध्याकाळ घेतली नसती. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेला, नोकरीसाठी जीव तोडणारा मुलगा 'मला चक्कर येते आहे' असं म्हणेल का? तो सांगणार नाही. म्हणून सांगण्याची जबाबदारी त्याची नव्हे, वेळ ठरवणाऱ्याची आहे.

उपाय महागडे नाहीत. आपल्या तालमीतले वस्ताद पहाटे अंधारात जोर काढून घेत, आणि थंडाईचा पेला पुढे करत. त्यांना बर्फाचं जाकीट ठाऊक नव्हतं, पण वेळ कळत होती. पहाटेची वेळ, दहा-चौदा दिवसांचा सराव, सावली, हाताशी पाणी, आणि मैदानाच्या कडेला बर्फ घातलेलं एक मोठं पिंप. एवढं प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक भरतीला जमेल.

त्या कवायतीतला पडलेला मुलगा आमच्या शेजारीच उभा होता. आम्हालाही तहान लागली होती, आणि आम्ही गप्प राहिलो. त्या दिवशी त्याला आम्ही नाजूक समजलो. आज वाटतं, आमच्या रांगेत त्याचं शरीर तेवढं खरं बोललं.