एचएमटी तांदळाचे दादाजी

आमच्या अकलोलीत मुख्य पीक भाताचं. त्यामुळे तांदळाचा विषय निघाला की मला राहवत नाही. दुकानात आपण ‘एचएमटी’ सहज मागतो. तो शोधला कोणी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले, नांदेड गावचे. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ साली त्यांना शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. असं काही वर्षं चाललं. दाणा बारीक, उतारा चांगला. १९९० च्या सुमारास भात बाजारात आलं, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं.

बियाणं हातोहात गेलं, परराज्यांतही पोचलं. पैसा इतरांनी कमावला. शेतकऱ्याचा वाणावरचा हक्क मानणारा कायदा २००१ साली झाला. तोवर एचएमटी घरोघरी शिजत होता! दादाजी मात्र नवे वाण निवडतच राहिले. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला शिक्षकाची पेन्शन दरमहा मिळते. शेतकऱ्याला सेवानिवृत्तीच नसते. शेवटच्या आजारात दादाजींच्या घरची ओढाताण झाली. ३ जून २०१८ रोजी ते गेले. घड्याळाची ती कंपनी २०१६ सालीच बंद करायचं ठरलं होतं. तिचं नाव तांदळामुळे अजून तोंडी आहे. घरी एचएमटी शिजला, की मी नातवंडांना दादाजींचं नाव सांगतो.