पुरे म्हणणारे प्रथिन

गोष्ट माझ्या जन्माआधीची. १९६९ च्या ऑक्टोबरात आमच्या बोईसरजवळ तारापूरची अणुवीज सुरू झाली. अणुभट्टी पेटवावी तशी आवरताही यावी लागते. त्यासाठी तीत नियंत्रक कांड्या असतात. त्याच वर्षी अमेरिकेत जेफ्री रॉबर्ट्स यांना ई. कोलाय जंतूत असाच एक आवरणारा सापडला: ‘ऱ्हो’ नावाचे प्रथिन. जनुकाची नक्कल उतरवणाऱ्या यंत्राला ते ‘पुरे’ म्हणते.

मला मात्र अधिक नवल वाटते ते चार्ल्स यानोफ्स्की यांनी १९७० नंतर उलगडलेल्या युक्तीचे. तिथे ऱ्होही लागत नाही. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जनुकांआधी एक लहानसा मजकूर असतो. त्यात ट्रिप्टोफॅनची मागणी लागोपाठ दोनदा येते. नक्कल उतरत असतानाच रायबोसोम ती मागून वाचत येतो. ट्रिप्टोफॅन मुबलक असले की तो झरझर पुढे सरकतो, नकलेच्या धाग्याला गाठ बसते आणि लेखन तिथेच थांबते. टंचाई असली की तो त्या दोन जागी अडखळतो. धागा निराळाच दुमडतो, गाठ चुकते आणि जनुके पुरती उतरतात. डबा भरलेला असताना वाण्याकडे कोण धावेल? अन् हा हिशेब मेंदूवाचून!

ऱ्होकडे आता वैद्यांचेही लक्ष आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ऱ्हो हिरावून घेताच क्षयाचे जंतू उंदरांच्या शरीरातही मेले.