कुरळ्या केसांचा पाणीप्रश्न

हजेरी घेताना एका मुलीला मी ओळीने तीन दिवस बजावले, "उद्या येताना केस नीट विंचरून ये." जुलै महिना होता. चौथ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी विंचरूनच येते. रस्त्यात असे होतात." वर्ग हसला. मीही हसले, हे आज सांगताना संकोच वाटतो. मुलगी खरे बोलत होती, आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते कळायला हवे होते. घर ते शाळा एवढ्या वाटेवर कुरळ्या केसांचे असे होते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला १७८३ सालच्या जिनिव्हात जावे लागते. होरास बेनेदिक्त द सोस्यूर हा तिथला निसर्गवैज्ञानिक. आल्प्स पर्वतात भटकण्याचा त्याला नाद होता. पुढे १७८७ मध्ये तो माँ ब्लाँ शिखरावरही चढला. डोंगरात वर जावे तशी हवेतली आर्द्रता कशी बदलते, हे त्याला मोजायचे होते. त्यासाठी त्याने माणसाचा केस वापरला. केसाचे एक टोक पक्के बांधले, दुसरे टोक बारीक कप्पीवरून नेऊन त्याला हलके वजन लावले आणि कप्पीला सुई जोडली. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो आणि सुई फिरते. अगदी कोरड्या हवेपासून बाष्पाने संपृक्त हवेपर्यंत केसाची लांबी साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते. हे प्रमाण दिसायला थोडे आहे, पण त्यावर चालणारे आर्द्रतामापक विसाव्या शतकातही जगभरच्या वेधशाळांत कामाला होते.

या उपकरणातली एक बारीकशी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. केस वापरण्याआधी त्यावरचा तेलकटपणा पूर्णपणे काढून टाकावा लागतो. तेल राहिले तर बाष्प आत-बाहेर व्हायला वेळ लागतो आणि सुई आळसावते. म्हणजे हवेची वार्ता ताबडतोब देणारा केस हवा असेल तर तेल काढायचे. उलट, केसाने हवेकडे लक्ष देऊ नये असे वाटत असेल तर तेल लावायचे! सोस्यूरने जे केले त्याच्या बरोबर उलट आपल्या आज्या करत आल्या.

केस पाण्याला असा प्रतिसाद का देतो, हे कळायला मात्र आणखी दीडशे वर्षे लागली, आणि ते कळले लोकरीमुळे. इंग्लंडमधले लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथल्या विद्यापीठात १९३० च्या दशकात विल्यम अ‍ॅस्टबरी लोकरीच्या आणि केसांच्या तंतूंवर क्ष-किरण टाकून त्यांची रचना तपासत होता. ताणलेल्या आणि न ताणलेल्या तंतूची चित्रे वेगळी येतात, असे त्याला दिसले. केसातल्या केराटिन या प्रथिनाचे रेणू ताणले की उलगडतात आणि सोडले की पुन्हा गुंडाळले जातात, असा निष्कर्ष त्याने काढला. ही गुंडाळी म्हणजे मळसूत्रासारखी रचना, हे १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

या रेणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. एक दुबळे पण असंख्य असे हायड्रोजन बंध. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपले की सकाळी सरळ केसांनाही लाटा येतात त्या यामुळेच. दुसरे दोन गंधक अणूंमधले डायसल्फाइड बंध. हे दणकट असतात, पाण्याला दाद देत नाहीत.

कुरळा केस त्वचेखालच्या ज्या पिशवीतून उगवतो ती पिशवीच वाकडी असते. केसाचा आडवा छेद गोल नसून लंबगोल असतो. त्यातून दोन अडचणी उभ्या राहतात. डोक्यातल्या तैलग्रंथींचा स्राव सरळ केसावरून टोकापर्यंत सहज पसरतो. वळणावळणाच्या केसावरून तो उतरत नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी. शिवाय प्रत्येक वळणापाशी केस कमजोर असतो आणि तिथे फणी अडकली की तो तुटतो. आता दमट हवेत काय होते ते पाहा. तेलाचे आवरण अपुरे, त्यामुळे बाष्प भराभर आत शिरते, हायड्रोजन बंध सुटतात, नव्या जागी जुळतात आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो. त्यातच घरून निघताना कोरड्या केसांवर फणी फिरवलेली असेल तर बटा आधीच मोडून सुट्या झालेल्या. आमची विद्यार्थिनी जितकी मन लावून विंचरत होती, तितके तिचे केस अधिक पिंजारत होते. आणि मी तिला आणखी विंचरायला सांगत होते.

केसाचे रसायनशास्त्र वाढले खरे, पण ते कुरळ्या केसांची निगा राखण्यासाठी नव्हे, केसांचा आकार बदलण्यासाठी. कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने १९०५ च्या सुमारास लंडनमध्ये सरळ केस कायमचे कुरळे करण्याची रीत दाखवली. अल्कधर्मी द्रावण लावायचे, केस सळ्यांवर गुंडाळायचे आणि तापवायचे. काम पाच-सहा तासांचे. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याच्या पत्नीचे केस जळलेही. युरोपातल्या सरळ केसांच्या स्त्रिया कुरळेपणासाठी पैसे मोजत होत्या, त्याच काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना कुरळेपणाची लाज बाळगायला शिकवले जात होते.

सारा ब्रीडलव्ह ही अशांपैकी एक. जन्म १८६७, लुइझियाना. आईवडील आधी गुलामगिरीत होते. ती सेंट लुइस शहरात लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. तिचे केस गळू लागले. त्या काळी गरीब घरांत नळ नव्हते, केस धुणे क्वचितच होई आणि टाळूचे विकार सर्रास असत. १९०६ पासून ती 'मादाम सी. जे. वॉकर' या नावाने मलम विकू लागली. त्यात मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक होते. गंधक टाळूच्या विकारांवरचे जुनेच औषध. तिची खरी शिकवण मात्र डोके नियमित धुवा ही होती, आणि त्या उपचाराचे श्रेय मलमाइतकेच पाण्यालाही द्यावे लागेल. तिने हजारो स्त्रियांना विक्रेत्या म्हणून उभे केले आणि १९१९ मध्ये ती वारली तेव्हा देशातल्या अतिश्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांत तिची गणना होत होती. केस सरळ करणारी तापवलेली फणीही तिच्या पद्धतीत होती, त्यामुळे तिच्याविषयीचे मत आजही दुभंगलेले आहे.

फणीची जागा पुढे कॉस्टिक सोड्याने घेतली. सोडियम हायड्रॉक्साइड डायसल्फाइड बंधातल्या दोन गंधक अणूंपैकी एक अणूच काढून टाकते. तो बंध पूर्वीसारखा पुन्हा जुळत नाही. माल्कम एक्स यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हे रसायन घरी कसे बनवत त्याचे वर्णन आहे. त्यात कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी असत आणि डोक्याची अक्षरशः आग होई. 'घरगुती' हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. केस सरळ करणाऱ्या रसायनांविषयी अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांची पाहणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अशी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, तर वरचेवर वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध संख्याशास्त्रीय आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी दुर्लक्ष करावे असा तो नाही.

मग लोक हे का सोसत होते? याचे एक उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळते. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथे प्रत्येकाला वंशाचा शिक्का बसला. शंका आली की केसांत पेन्सिल खोवून पाहत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही! सँड्रा लाइंग ही मुलगी गोऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मली. पण वर्ण सावळा आणि केस दाट कुरळे. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, पोलिसांनी तिला तिच्या शाळेतून बाहेर नेले. वर्णभेदाचे कायदे गेले तरी फुटपट्टी शाळांतून गेली नव्हती. २०१६ मध्ये प्रिटोरियातल्या मुलींच्या एका शाळेत, नैसर्गिक केस 'नीटनेटके' दिसत नाहीत या शेऱ्यांविरुद्ध विद्यार्थिनी उभ्या राहिल्या, आणि केसांविषयीचा नियम स्थगित झाला. ही बातमी वाचताना मला माझी हजेरी आठवली.

आता निगेकडे वळू. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात कोरडे वारे वाहतात. तिथला प्रश्न आपल्या पावसाळ्याच्या उलट, केसातले पाणी निघून जाण्याचा. उपाय मात्र जवळचाच. तिथे शिया नावाचे झाड होते. बायका त्याच्या बिया वाळवून, भाजून, कुटून, पाण्यात हाताने घुसळतात आणि वर येणारे लोण्यासारखे तेल काढून घेतात. १३५२-५३ मध्ये माली राज्यात फिरलेल्या इब्न बतूताने या झाडाच्या तेलाची नोंद केली आहे: स्वयंपाक, दिवे आणि अंगाला लावणे, सगळ्याला ते चाले. केस ओले असतानाच हे लोणी लावले की आतले पाणी अडून राहते.

आपल्या कोकणात तीच जागा खोबरेल तेलाची. इथे परंपरेची परीक्षा मुंबईतच झाली. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल लावलेल्या केसांतून धुताना-विंचरताना किती प्रथिन निघून जाते ते मोजले. ही हानी लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरते. मग पाण्याने केस फुगणे कमी होते. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही मुलांना जरूर सांगावे. पद्धत छापलेली आहे, कोणीही प्रयोग करून पाहावा. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायची आपली रीत या निष्कर्षाशी जुळते. मात्र तेलाने केसांचे 'पोषण' होते हे जाहिरातींचे म्हणणे सोडून द्यावे. केस मृत असतो, तो जेवत नाही.

न्हाण्यासाठी रिठा आणि शिकेकाई. दोन्हींत सॅपोनिन असतात, त्यांच्या रेणूचे एक अंग पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते. म्हणून मळ सुटतो. साबण दुष्फेन पाण्यात कॅल्शियमशी संयोग पावून साका धरतो, आणि तो साका कुरळ्या केसांत अडकून बसतो. सॅपोनिनचे तसे होत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी असल्याने केसावरचे खवले उचलले जातात, तर शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. खाण्याचा सोडा घालून न्हाण्याचा सल्ला मिळाला तर तो याच कारणाने ऐकू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की फार झोंबते, आणि रोज वापरले तर केस रुक्ष होतात. (जाता जाता: 'शाम्पू' हा शब्द चांपणे-चेपणे या अर्थाच्या हिंदी शब्दावरून इंग्रजीत गेला. पाटण्याच्या दीन महोमेत याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये अंग रगडून देणारी स्नानगृहे चालवली, तेव्हा त्या शब्दाचा साबणाशी संबंध नव्हता.)

वळण टिकवायला जवस. चमचाभर जवस कपभर पाण्यात, बुळबुळीतपणा येईपर्यंत उकळावे आणि गरम असतानाच फडक्यातून गाळावे. गार झाल्यावर गाळणे अशक्य होते. ओल्या बटांवर हा द्रव लावून, न विंचरता वाळू द्यावे. त्यातल्या बहुशर्करांचा पातळ पापुद्रा केसावर वाळतो आणि बट एकत्र राहते. १९२०-३० च्या दशकांत पाश्चात्त्य स्त्रिया केसांत लाटा बसवायला असेच जवसाचे किंवा बिहीदाण्याचे पाणी लावत. जास्वंदीची पाने पाण्यात चुरून मिळणारा चिकट द्रवही याच जातीचा. दोन-चार दिवसांत हे द्रव आंबतात, म्हणून थोडेच करावे. गुंता सोडवायचा तो ओल्या, तेल लावलेल्या केसांचा, मोठ्या दातांच्या फणीने आणि टोकांकडून वर. वाकड्या पिशवीतून येणारा केस कोणत्याही लेपाने सरळ उगवणार नाही, आणि सरळ केस कुरळा उगवणार नाही.

वर्गात सोस्यूरचे उपकरण करायला पुठ्ठा, टाचणी, दोऱ्याचे रिकामे रीळ, पेनाच्या रिफिलची सुई आणि वीतभर लांबीचा केस पुरतो. उपकरणे दोन करावीत. एका केसावरचे तेल स्पिरिटने पुसून काढावे आणि दुसऱ्याला आदल्या रात्री खोबरेल चोपडावे. दोन्ही उपकरणे ओल्या फडक्यासह एकाच झाकणाखाली ठेवून सुया कुठे थांबतात आणि तिथे पोहोचायला किती वेळ घेतात, ते दर पाच मिनिटांनी लिहून ठेवावे.